सोन्याचं झाकण : ईशावास्य, मंत्र १५

आजच्या पाठात ईशावास्योपनिषदाचा पंधरावा मंत्र आहे. अठरा मंत्रांचं छोटंसं उपनिषद, शुक्ल यजुर्वेदाचा शेवटचा अध्याय. मंत्र पाठ असेल तर आधी एकदा मनात म्हणा. नवीन असाल तर अर्थ एवढाच : सत्याचं तोंड सोन्याच्या पात्राने झाकलंय. जगाचं पोषण करणाऱ्या सूर्या, ते झाकण तू बाजूला कर, म्हणजे सत्यधर्माने चालणाऱ्या मला ते दिसेल.

सकाळचे सूर्यनमस्कार झाले की मी हा मंत्र म्हणतो. बारा-पंधरा वर्षं म्हणतोय. पण त्यात नेमकं काय मागितलंय ते मागच्या आठवड्यात डोक्यात शिरलं, आणि तेही भाच्याच्या एका व्हिडिओ गेममुळे. हसू नका. दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले, त्यात अजगरसुद्धा होता. आपल्याला एक गेम चालायला हरकत नाही.

भाचा अकरावीत आहे. सुट्टीत आमच्याकडे राहायला आलाय. त्या रात्री साडेअकराला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "मामा, जागा आहेस? एक विचारायचंय."

मला वाटलं, पैसे हवेत. तर म्हणाला, "मी शेवटी आग पेटवलीच नाही. अंधारात निघून आलो. चुकलं का रे माझं?"

गेमचं नाव 'डार्क सोल्स'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०११ साली काढलेला. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. न खेळलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सुरुवातीला जग नुसतं करड्या धुक्याचं असतं. मग कुठूनशी पहिली आग पेटते, आणि आगीबरोबर जोड्या जन्माला येतात : उष्ण आणि थंड, जीवन आणि मरण, उजेड आणि अंधार. त्या आगीतून ग्विन नावाच्या राजाला सामर्थ्य मिळतं. तो प्रकाशाचा राजा, त्याच्या हातात विजेचे भाले. पण आग कायमची नसते. ती विझायला लागते तेव्हा ग्विन घाबरतो. आपल्यानंतर अंधाराचं युग येईल, ते येऊ नये म्हणून तो स्वतःलाच आगीत सरपणासारखा घालतो. आग थोडी लांबते. मग पुन्हा विझायला लागते, पुन्हा कुणीतरी सरपण हवं. मधल्या काळात माणसांवर एक शाप उमटतो. ज्यांच्या अंगावर त्याची खूण दिसते त्यांना उत्तरेला नेऊन कोंडून ठेवतात, जगाचा अंत होईपर्यंत. आपण खेळतो तो माणूस अशाच कोंडलेल्यांपैकी एक.

इतका लांबचा पल्ला मारून शेवटच्या बॉसपर्यंत पोचावं, तर समोर प्रकाशाचा राजाच उभा. पण कसा? जळून कोळसा झालेला, भान हरपलेला म्हातारा. त्या लढाईला ढोलताशे नाहीत, हळू वाजणारा उदास पियानो आहे. भाचा म्हणाला, "मामा, त्याला मारताना मला वाईट वाटलं. आणि मग मी आग पेटवली तर मीपण तसाच होणार ना?"

म्हणून तो मागे फिरला. आग विझू दिली. आणि आता त्याला झोप येत नव्हती, कारण लहानपणापासून त्याने आपल्याच घरात ऐकलंय की उजेड म्हणजे देव आणि अंधार म्हणजे राक्षस.

मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर सापडेना. "झोप आता, सकाळी बोलू," म्हटलं. सकाळी नेहमीसारखे नमस्कार घातले, मंत्र म्हणायला लागलो, आणि पहिल्याच शब्दावर अडकलो. झाकण सोन्याचं आहे.

बघा, ऋषींना अंधाराची तक्रार करायची असती तर त्यांनी झाकण काळं म्हटलं असतं. माती म्हणाले असते, राख म्हणाले असते. त्यांनी सोनं म्हटलं, चकचकणारं. सत्य दिसत नाही ते उजेड कमी पडतो म्हणून नाही. लखलखाट मध्ये येतो म्हणून. आणि ही तक्रार ते कुणाकडे करतात? खुद्द सूर्याकडे! पुढच्या म्हणजे सोळाव्या मंत्रात तर सरळ विनंती आहे की बाबा, तुझे किरण बाजूला कर, हे तेज आवरून घे. मला तुझं ते कल्याणाचं रूप बघायचंय. आणि ते रूप दिसल्यावर ऋषी म्हणतात की तिथला जो पुरुष आहे, तोच मी. सूर्यभक्तच सूर्याला सांगतोय की तुझ्या उजेडामुळे तू दिसत नाहीस. भक्ती आणि इतका धीटपणा एकत्र क्वचितच बघायला मिळतो.

हे एकट्या ईशावास्यात नाही. गीतेचा चौदावा अध्याय काढा. सत्त्वगुण निर्मळ आहे, प्रकाश देणारा आहे, असं भगवंत सहाव्या श्लोकात म्हणतात. आणि त्याच श्लोकात सांगतात की तोही बांधतो. कशाने? सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीने. तमोगुणाची बेडी लोखंडाची आणि सत्त्वाची सोन्याची, असं आपल्याकडे कीर्तनकार सांगतात ते यावरूनच. बाविसाव्या श्लोकात गुणांच्या पलीकडे गेलेल्या माणसाची खूण येते : प्रकाश, प्रवृत्ती, मोह, यातलं काहीही आलं तरी तो त्याचा द्वेष करत नाही, आणि गेलं तर हळहळत नाही. यादीत पहिलं नाव प्रकाशाचं आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि तेराव्या अध्यायात परब्रह्माला ज्योतींचीही ज्योत म्हटलंय, अंधाराच्या पलीकडची. म्हणजे आपण ज्या उजेड-अंधाराच्या जोडीत भांडतोय, ती जोडीच खालच्या मजल्यावरची आहे.

भाच्याला हे सांगितलं तर तो खूश. "म्हणजे 'हॉलो नाइट'मध्ये पण बरोबरच दाखवलंय!" ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी नावाच्या छोट्या चमूचा हा २०१७ चा गेम. किड्यांचं एक राज्य रोगाने ओस पडलंय, आणि रोग पसरवणारी शक्ती म्हणजे रेडियन्स, तेजाचीच देवता. तिच्या लोकांनी तिला सोडून दुसऱ्या राजाची भक्ती धरली. विसरली गेलेली ती सगळ्यांच्या स्वप्नांत शिरते आणि त्यांचे डोळे केशरी उजेडाने भरून टाकते. तिला कोंडायला राजा पोकळीतून एक लेकरू घडवतो, मन नसलेलं रिकामं पात्र. तेही शेवटी पुरं रिकामं निघत नाही. आता सांगा, यात वाईट कोण?

इथे मात्र मी भाच्याला थांबवलं, आणि तुम्हालाही थांबवतो. कारण पुढची उडी सगळ्यांना आवडते. "म्हणजे मामा, सगळंच ग्रे असतं. बरं-वाईट असं काही नसतंच." नाही. असं ईशावास्य कुठेही म्हणत नाही. आपल्या पुण्यातच बनलेला 'राजी' आठवा. नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला. धाकट्या भावाला असुरांनी पळवून नेलंय, बहीण त्याला शोधायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गामाता आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. तिथे ती लहान मुलगी थांबून "असुरांचीही बाजू असेलच" असा विचार करत बसली तर भाऊ जाईल. काही वेळा बाजू स्पष्ट असते आणि हात उचलावाच लागतो.

'डार्क सोल्स'मध्ये दोन बोलणारे सर्प आहेत. एक सांगतो, आग पेटव, ग्विनच्या जागी तू बस. दुसरा सांगतो, ती सगळी फसवणूक होती, तू अंधाराचा राजा हो. भाच्याने पहिल्याचं ऐकलं नाही म्हणून त्याला वाटलं आपण सुटलो. मी म्हटलं, "अरे, दुसरापण सर्पच आहे ना?" दोघंही अर्धं खरं बोलतात, आणि दोघांनाही तुझ्याकडून काहीतरी करवून घ्यायचंय. उजेडाचा अहंकार असतो तसा "मी तुमच्यासारखा भाबडा नाही, मी अंधार पाहिलाय" असाही अहंकार असतो. तो आपल्या वयाच्या लोकांना जास्त लवकर चढतो. ईशावास्याचा नववा मंत्र म्हणतो की जे अविद्येच्या मागे लागतात ते गडद अंधारात जातात, आणि जे नुसत्या विद्येत रमतात ते त्याहूनही गडद अंधारात. आणि अकरावा म्हणतो, दोन्ही एकत्र जाणणारा तरून जातो. दोन सर्पांपैकी एकाची निवड करायला उपनिषद सांगत नाही.

मग करायचं काय? हे मला पुस्तकात सापडलं नाही. औंधात सापडलं.

पुणेकरांनो, ब्रेमेन चौकाजवळचं औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. आमची कुलदेवी तिथली यमाई. डोंगरावर मूळपीठ, तिथे काळ्या पाषाणातली आई बसलेली आहे. गाभाऱ्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे दिपलेले असतात. समईच्या उजेडाला डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, मग हळूहळू आईचा चेहरा दिसायला लागतो. लहानपणी मी घाईत नमस्कार करून बाहेर पळायचो तेव्हा आजी दंडाला धरून म्हणायची, "थांब, डोळ्यातलं ऊन उतरू दे." पंधराव्या मंत्राचं यापेक्षा सोपं भाष्य मी वाचलेलं नाही.

आणि औंधात भाष्य करणारे थोर होतेच. पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ इथेच होतं. पुढे ते गुजरातमधल्या पारडीला गेलं. वेदांच्या संहिता शुद्ध करून या लहानशा गावात छापल्या गेल्या. आज आपण जे सूर्यनमस्कार घालतो, ते शाळाशाळांत आणि घरोघर पोचवण्यात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा. म्हणजे औंध हे सूर्याचं गाव म्हणायला हरकत नाही. पण गावाचं नाव काय आहे? गावात सांगतात, इथे औंधासुर होता, आईने त्याला मारलं, म्हणून हे औंध. लढाई आई जिंकली, आणि नाव राहिलं असुराचं!

आपल्याकडे हे किती ठिकाणी आहे बघा. कोल्हापूरचं नाव कोल्हासुरावरून पडलं असं सांगतात. जेजुरीला मणी आणि मल्ल हे दैत्य. मणीने मरताना देवाजवळ जागा मागितली, म्हणून गडावर त्याची मूर्ती आहे, आणि लोक तिलाही हात जोडतात. मल्लाचं नाव तर देवाच्याच नावात जाऊन बसलं, मल्हारी! दिवाळीचं घ्या. उजेडाचा एवढा मोठा सण, आणि त्याच्या ऐन मध्यावर पाडव्याला आपण बळीराजाचं राज्य यावं असं म्हणतो. आपल्या पूर्वजांना देव आणि असुर यातला फरक कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना तो चांगला कळत होता. त्यांनी असुराचं कृत्य संपवलं; असुराला गावातून पुसून टाकलं नाही.

"पण मामा, मारलं तर आहेच ना? मग दया कुठे आली?" भाच्याचा प्रश्न बरोबर होता. माऊलींच्या पसायदानाकडे बघ, मी म्हटलं. अंधार जावा असं तेही मागतात. पण कुठला अंधार? पापाचा. दुष्ट माणसं मरोत असं मागत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडो, त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागो, असं मागतात. अंधार हे माणसाचं नाव नाही, त्याच्यावर पडलेली सावली आहे. हे म्हणायला सोपं आहे. समोर खरोखरचा गुन्हेगार उभा असताना जमतं का?

जमवून दाखवलं ते औंध संस्थानानेच. संस्थान लहान, त्याचे तुकडे विखुरलेले, काही आजच्या सातारा जिल्ह्यात, काही सांगलीत. त्यातल्या आटपाडीजवळ १९३९ साली एक वसाहत उभी राहिली, नाव स्वतंत्रपूर. राहणारे कोण? शिक्षा झालेले कैदी, गंभीर गुन्ह्यांतलेसुद्धा. उंच भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शेती करायची, बायकामुलांसोबत राहायचं. या कल्पनेमागे होते मॉरिस फ्रीडमन, पोलंडहून आलेले अभियंते, औंधात भारतानंद म्हणून राहिलेले. तुमच्यापैकी अनेकांनी निसर्गदत्त महाराजांचं 'आय ॲम दॅट' वाचलं असेल. महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत आणून १९७३ साली ते पुस्तक जगापुढे ठेवणारे ते हेच फ्रीडमन. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून पुढे व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला, १९५७ साली. कथा गदिमांची, आणि गदिमा याच आटपाडी भागातले. सहा कैदी, म्हणजे बारा हात. आणि जेलरचे दोन डोळे.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्वतंत्रपुरात कुणी असं म्हटलं नाही की हे लोक निर्दोष आहेत. गुन्हा हा गुन्हाच होता, शिक्षाही होती. पण गुन्ह्याच्या पलीकडे माणूस शिल्लक आहे, आणि त्याच्या हातात कुदळ देऊन पाठ फिरवता येते, एवढा विश्वास त्यांनी ठेवला. गेममधलं ते जग आठवा, जिथे शापाची खूण दिसली की उत्तरेला नेऊन कोंडतात. कोंडणारे सगळे प्रकाशाच्याच बाजूचे होते.

आणि राजाचं काय? ग्विनला आपलं युग संपतंय हे सोसलं नाही, म्हणून स्वतःला जाळून त्याने ते लांबवलं आणि सगळं जग त्या जळण्याला बांधून टाकलं. औंधच्या राजाने १९३८ साली जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देतो, आणि १९३९ च्या सुरुवातीला गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेलं संविधान लागू केलं. आयुष्यभर सूर्याला नमस्कार घातलेल्या माणसाने आपले किरण आपणच आवरून घेतले. सोळावा मंत्र जगायचा म्हटलं तर हे एक उदाहरण पुरेसं आहे.

इथपर्यंत सगळं छान जुळलं होतं. भाच्याला सांगून झालं, मी स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "मग धाकट्या मामाचं काय?"

धाकटा मामा म्हणजे माझा मावसभाऊ. भाच्याच्या हातात पहिला कंट्रोलर त्यानेच दिला होता. आमच्या घराण्यात दर वर्षी देवीच्या गोंधळासाठी घरटी वर्गणी काढतात. चार वर्षांपूर्वी ती त्याच्याकडे जमा होती आणि त्याने ती मोबाइलवरच्या रमीत घालवली. अडतीस हजार. हे मला कळलं, आणि मी रात्री साडेदहाला कुटुंबाच्या ग्रुपवर सगळे स्क्रीनशॉट टाकले. खाली एक मोठा मेसेज लिहिला. देवीच्या पैशाबद्दल, धर्माबद्दल, संस्कारांबद्दल. सत्तर माणसं होती ग्रुपवर, त्याच्या सासरची चौघंसुद्धा.

मी लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही खरा आहे. त्याने केलं ते चूकच. पण त्या रात्री मेसेज पाठवल्यावर मला कसं वाटलं ते मला आठवतं. छातीत दिवा लावल्यासारखं वाटलं. लोक अंगठे दाखवत होते, "बरोबर बोललास" म्हणत होते. मी त्याला आधी एक फोन केला नव्हता. मावशीला विचारलं नव्हतं. मावशीने पाटल्या मोडून पैसे भरले ते मला दोन महिन्यांनी समजलं. त्यानंतर तो औंधला आलेला नाही. मी त्याला ब्लॉक करून ठेवलं होतं आणि त्याला मी साधना म्हणत होतो, कुसंग टाळण्याची.

भाचा काही आरोप करत नव्हता. त्याने फक्त विचारलं, "त्याला कुठल्या बाजूला टाकलंस तू?"

सोन्याचं झाकण कसं असतं ते तेव्हा दिसलं. माझ्या हातात खोटं नव्हतं, खरंच होतं. पण ते मी इतकं लख्ख धरलं की त्यामागचा माणूस मला दिसेनासा झाला. एक कर्जात बुडालेला, घाबरलेला, पस्तिशीतला मुलगा, जो रात्री एकटा बसून पुढच्या डावात सगळं परत येईल असं स्वतःला सांगत असणार. तो मला दिसला असता तर मी पैसे मागितलेच असते. कदाचित त्याच्या हातून वर्गणीची वही काढूनही घेतली असती. पण सत्तर जणांसमोर नव्हे.

म्हणून भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. आग पेटवणं किंवा विझू देणं, यातलं कुठलंच आपोआप पुण्य नाही आणि पापही नाही. उजेड हातात आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा : या उजेडात समोरचा माणूस मला जास्त स्पष्ट दिसतोय, की मीच सगळ्यांना जास्त स्पष्ट दिसतोय? पहिलं असेल तर तो समईचा उजेड, बिनधास्त धरा, मग त्यात कठोर बोलावं लागलं तरी चालेल. दुसरं असेल तर ते झाकण आहे, कितीही सोन्याचं असलं तरी.

आणि ते झाकण आपलं आपल्याला काढता येत नाही, हेही मंत्रात आहे. ऋषी स्वतःच्या हाताने ते ओढत नाहीत, सूर्याला विनवतात. मला चार वर्षं माझं झाकण दिसलंही नव्हतं. देवाने एका अकरावीतल्या पोराला रात्री साडेअकराला माझ्या दारात उभं केलं. याला मी कृपाच म्हणतो.

परवा मी मावसभावाचा नंबर अनब्लॉक केला. माफीचा मोठा मेसेज लिहायला घेतला, आणि वाचून बघितला तर त्यातही मीच चमकत होतो. खोडला. मग एवढंच पाठवलं : "ग्रुपवर टाकलं ते मी चुकीचं केलं. आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. पौषात औंधला जातोय, गाडीत एक जागा आहे." दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून नाही. येईल किंवा नाही येणार. ते त्याचं आहे, आणि माझ्याकडे त्याच्यावर हक्क सांगण्यासारखं काही नाही. जागा मात्र ठेवणार आहे.

आजचा छोटासा संकल्प : ज्याच्याबद्दल आपण खरं आणि कठोर बोललो आहोत असा एक माणूस आठवा. तो चुकला होता की नाही, हे आज ठरवायचं नाही. त्याचा चेहरा नीट आठवतोय का, तेवढंच बघायचं. आठवत नसेल तर पंधरावा मंत्र आज दोनदा म्हणा.

उद्या सोळावा मंत्र घेऊ.

आई यमाईच्या चरणी. राम कृष्ण हरी!